अर्धी नक्कल

आंधळगावला मी गेलो तो कोशासाठी. भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडी तालुक्यातलं हे विणकरांचं गाव. इथल्या हातमागांवर टसरचं, म्हणजेच कोशाचं, कापड निघतं, आणि त्या पट्ट्यातली करवतकाठी साडी विदर्भाबाहेरही ओळखली जाते. अंगाला कोसा, काठाला सूत, आणि दोहोंच्या सांध्यावर करवतीचे दाते. त्यासाठी एकाच मागावर तीन धोटे चालवावे लागतात. संपादकांचा आग्रह होता की मजकुरासोबत मागाचा आवाजही आणावा, म्हणून पिशवीत एक स्वस्तातला कंडेन्सर माइक टाकला होता.

माग जवळून ऐकला की दोन आवाज वेगळे कळतात. धोटा सरकतो तो हलका, घासत जाणारा. मग फणीचा ठोका बसतो, आणि तो जड, लाकडी, मागाखालच्या खड्ड्यात घुमणारा असतो. रेकॉर्डिंगमध्ये ठोका कुठेतरी मागे राहिला होता आणि धोटा पत्र्यावर खिळा ओढावा तसा करकरत होता. मागावर बसलेल्या काकांनी हेडफोन क्षणभर कानाला लावला, हसले आणि परत दिला. त्यांना जे बोलायचं होतं ते मला कळलं. साडीचा लेख दुसऱ्या कुणीतरी लिहिला, कारण मी माइकच्या मागे लागलो.

कंडेन्सर माइकचं तत्त्व सोपं आहे. धातूच्या भोकं पाडलेल्या तबकडीसमोर, केसाच्या जाडीहूनही कमी अंतरावर, सोन्याचा मुलामा दिलेला प्लॅस्टिकचा पडदा ताणलेला असतो. अशा पडद्याची जाडी साधारण ६ मायक्रॉन. या जोडीला कॅप्सूल म्हणतात. तिच्यावर विजेचा दाब ठेवलेला असतो. आवाजाने पडदा हलला की दोघांमधली धारिता बदलते आणि त्या बदलातून विद्युतसंकेत मिळतो. ई. सी. वेंटे यांनी अमेरिकेत १९१६ साली हे साधलं. बर्लिनच्या गेओर्ग नॉयमान यांनी १९२८ मध्ये तो माइक कारखान्यातून बाहेर काढला. पुढे १९६० साली याच कंपनीचा यू-६७ आला आणि १९६७ साली यू-८७. आपल्या गोष्टीचं मूळ या दोन माइकांत आहे.

यू-६७ साठी के-६७ नावाची कॅप्सूल घडवली गेली. तिचा स्वभाव असा की ८-१० हजार हर्ट्झच्या आसपास तिचा आवाज मुद्दाम चढा ठेवलेला. तो तसाच बाहेर सोडायचा नव्हता. आतल्या सर्किटात तेवढाच उतार योजला होता. चढ कॅप्सूलचा, उतार सर्किटाचा, आणि दोन्ही मिळून सपाट. शिवाय वरचे स्वर उतरवताना सर्किटाची स्वतःची सळसळही उतरते. हा खरा हुशारीचा भाग.

पुढे चीनमधल्या कारखान्यांनी हा आकार उचलला. आज बाजारात दिसणाऱ्या स्वस्त मोठ्या माइकांपैकी कितीतरी माइकांत के-६७ ची नक्कल असते, आणि ती बहुतेकदा वाईट नसते. पण सर्किट मात्र दुसऱ्याच घरचं. जर्मनीच्याच शॉप्स कंपनीच्या ट्रान्सफॉर्मर नसलेल्या, सुटसुटीत आणि बनवायला स्वस्त रचनेवर ते बेतलेलं. शॉप्सची कॅप्सूल मुळातच सपाट, त्यामुळे त्या सर्किटाला उताराची गरजच नव्हती. एकाची कॅप्सूल, दुसऱ्याचं सर्किट. चढ आला, उतार राहून गेला. धोटा करकरत होता तो यामुळे. स्वस्त माइकला नावं ठेवताना लोक मालाला दोष देतात. माझ्या मते मालापेक्षा हा अर्धवट नकलेचा दोष मोठा आहे, आणि म्हणूनच तो सुधारता येतो.

माइकच्या तळाचं कडं फिरवून नळी सरकवली की आत बोटभर रुंदीचे हिरवे बोर्ड दिसतात. कॅप्सूलकडून आलेली तार एका तीन पायांच्या काळ्या दाण्याला मिळते. हा एफईटी, एक प्रकारचा ट्रान्झिस्टर. कॅप्सूलची धारिता असते जेमतेम ६० पिकोफॅरड, आणि तिच्यातला क्षीण संकेत इतर कुठलाही भाग सहज शोषून घेईल. एफईटी तो न शोषता पुढे देतो; त्याच कारणाने त्याच्या गेट या पायापाशी रोधकही १ गिगाओहमचा लावतात. शॉप्सच्या पद्धतीत हाच दाणा संकेताचे दोन उलटसुलट भाग करतो, एक ड्रेनवरून, एक सोर्सवरून. या दोन पायांमध्ये छोटा कपॅसिटर टाकला की वरचे स्वर दोन्हीकडून सारखेच उतरतात. हरवलेला उतार परत आणायची ही सर्वांत साधी रीत. कपॅसिटरचं माप कॅप्सूल पाहून ठरवावं लागतं. जास्त झालं तर माइकवर घोंगडी टाकल्यासारखा आवाज येतो.

मला जास्त गुंतवलं ते एफईटीच्या हट्टाने. तोशिबाचा २एसके३०ए हा अशा कामात जुना दाणा. त्याचा मूळ प्रवाह माहितीपत्रकाप्रमाणेच ०.३ पासून ६.५ मिलिअँपिअरपर्यंत कुठेही असू शकतो, म्हणजे वीसपटींहून जास्त फरक. रंगगटाप्रमाणे तो निवडून घेता येतो, तरी एका गटातही दुपटीहून जास्त फेर राहतोच. कारखान्यात मात्र सगळ्यांना एकाच मापाचा सोर्स रोधक. त्यामुळे एकाच खोक्यातले दोन माइक वेगळे वाजतात. जाणकार तिथे बारीक पेचाचा बदलता रोधक बसवतो. मग गेटला लहानशा कपॅसिटरमधून शुद्ध स्वर देऊन ऑसिलोस्कोपवर लाट पाहत राहतो. स्वर वाढवत नेला की लाटेचे माथे चपटे होतात, आधी वरचे किंवा आधी खालचे. वर-खाली एकदम चपटे होईपर्यंत पेच केसभर इकडे, केसभर तिकडे. हे काम यंत्राला देता येत नाही असं नाही, पण शंभर दोनशे रुपये वाचवणारा कारखाना ते देत नाही.

बाकीचे बदल हाताने होतात. संकेताच्या वाटेवरचे सिरॅमिक कपॅसिटर काढायचे, कारण त्यातले बरेचसे दाबाने वीज निर्माण करतात. पेन्सिलीने बोर्डावर टिचकी मारली तर ती टिचकी रेकॉर्ड होते. त्यांच्या जागी पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिस्टायरीनचे लावायचे. जाळीचे दोन-तीन थर असतील तर आतला एक काढायचा, म्हणजे कॅप्सूलपुढे आवाज आदळून परतत नाही. याचे तोटेही आहेत: प-फ-भ ची फुंकर जास्त लागते आणि मोबाइलची खरखर आत शिरायला वाट मिळते. आणि बीएम-८०० या नावाने अनेक जण विकतात त्या नळीत तर बहुतेकदा बोटाच्या पेराएवढी इलेक्ट्रेट कॅप्सूल असते. तिथे उतार कुठून आणणार? आधी कॅप्सूलच बदलावी लागते, आणि मग तिला दाब देणारं सर्किटही.

इथपर्यंत सगळं सुखाचं. पुढचं मात्र नाही.

चांगला एफईटी मिळणं हीच पहिली पंचाईत. तोशिबाने २एसके१७० हा कमी सळसळीचा दाणा कधीच बंद केला, पण त्या नावाचे दाणे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून पुण्याच्या बुधवार पेठेपर्यंत कुठेही मिळतात. छाप तीच, आतला जीव वेगळाच. लावून, माइक बंद डब्यात ठेवून सळसळ ऐकल्याशिवाय काही कळत नाही. मागासारख्या मोठ्या आवाजाला सळसळ झाकली जाते. पण कोशाचा धागा मांडीवर वळण्याची जुनी रीत, जिची जागा आता यंत्रं घेत आहेत, तिचा सरसर आवाज टिपायचा तर माइकचीच सळसळ वर येते. उतार घातल्याने ती थोडी कमी होते. बाकीची तशीच राहते.

दुसरी पंचाईत विजेची. हा माइक केबलमधूनच ४८ व्होल्ट मागतो. हा आकडाही योगायोगाचा: १९६६ मध्ये नॉर्वेच्या रेडिओसाठी नॉयमानने केएम-८४ बनवला तेव्हा तिथल्या आणीबाणीच्या दिव्यांसाठी ४८ व्होल्टची सोय आधीच होती. काही स्वस्त मिक्सर त्याहून बरेच कमी देतात. दाब घटला की कॅप्सूल मंदावते आणि मेहनतीने बसवलेला एफईटीचा तोलही सरकतो. म्हणून तोल बसवायचा तो ज्या मिक्सरवर माइक चालणार त्याच मिक्सरवर.

तिसरी ओलाव्याची, आणि भाताच्या या जिल्ह्यात तीच सर्वांत वाईट. गेटपाशी १ गिगाओहम असताना ६० पिकोफॅरडची कॅप्सूल ३ हर्ट्झपर्यंत उतरू शकते. बोर्डावर बोटाचा घाम, सोल्डरचा चिकट फ्लक्स आणि पावसाळी दमट हवा मिळून तिथे २० मेगाओहमची गळती झाली तर १३० हर्ट्झखालचं सगळं ओसरू लागतं. फणीचा ठोका नेमका तिथेच असतो. वर चरचर सुरू होते ती वेगळीच. उपाय म्हणून तो सांधा बोर्डावर न टेकवता टेफ्लॉनच्या खुंटीवर किंवा हवेतच जोडतात, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसतात, आणि मग बोट लावत नाहीत. वाळवणही बेताच्या गरमीतच करावं, कारण पडदा ताणलेला असतो आणि इलेक्ट्रेट कॅप्सूलला गरमी सोसत नाही.

म्हणजे माइक उघडायचा तर कोरड्या हवेत, दिवाळीनंतर. पण भाऊबीजेनंतर इथे मंडया भरू लागतात, दंडारी उभ्या राहतात, वडसा-देसाईगंजकडून झाडीपट्टीची नाटकं गावोगाव निघतात आणि मंडपात माइक रात्र रात्र चालू असतात. ते चालवणाऱ्या साउंडवाल्याला सवड मिळते ती आषाढात, श्रावणात.