नंबर नाही म्हणून रिटर्न थांबवू नका

फेब्रुवारी लागला की माझा फोन वाजायला लागतो. बोलणारा बहुतेक वेळा नवरा असतो आणि प्रश्न ठरलेला असतो : "ताई, बायको आत्ताच आलीय, तिला सोशल सिक्युरिटी नंबर नाही. तो दुसरा नंबर आधी काढू आणि मग रिटर्न भरू, चालेल ना?" मी न्यू जर्सीत एडिसनला राहते आणि लोकांची टॅक्स रिटर्न्स भरून देते. त्या प्रश्नाला माझं उत्तर दरवर्षी तेच असतं : नाही, आधी रिटर्न. नंबर रिटर्नच्या पाठोपाठ येतो.

हे उलटं वाटतं, म्हणून नीट सांगते. एच-वन-बी व्हिसावर नोकरी करणाऱ्याची बायको एच-फोर व्हिसावर येते. काम करायची परवानगी नसेल तर तिला सोशल सिक्युरिटी नंबर मिळत नाही. मे २०१५ पासून काही एच-फोर जोडीदारांना ही परवानगी मिळते, पण त्यासाठी साधारणपणे नवऱ्याच्या ग्रीन कार्डाच्या प्रक्रियेतला आय-१४० हा टप्पा मंजूर झालेला असावा लागतो. नव्याने लग्न होऊन आलेल्या जोडप्यांचं तिथवर क्वचितच पोचलेलं असतं. अशांसाठी आयआरएस, म्हणजे इथलं आयकर खातं, १९९६ पासून वेगळा नंबर देतं. त्याला आयटीआयएन म्हणतात. तो नऊ आकडी असतो आणि ९ ने सुरू होतो. तो फक्त करापुरता असतो. त्याने नोकरीची परवानगी मिळत नाही आणि व्हिसातही काही फरक पडत नाही.

या नंबरासाठी डब्ल्यू-७ नावाचा अर्ज करावा लागतो, आणि बायकोच्या बाबतीत तो रिटर्नला जोडूनच पाठवायचा असतो. नंबर कशासाठी हवा, याचा पुरावा म्हणजे ते रिटर्न. त्यावर तिच्या नंबराची जागा कोरी सोडायची. असं रिटर्न ऑनलाइन जात नाही. छापून, सह्या करून, टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या पत्त्यावर टपालाने पाठवायचं. पोचपावती मिळेल अशाच टपालाने पाठवा.

एवढा खटाटोप कशासाठी, तर पैसे बरेच वाचतात. समजा, २०२५ मध्ये नवऱ्याचा पगार ९०,००० डॉलर आहे आणि बायकोला काहीच उत्पन्न नाही. त्याने वेगळं रिटर्न भरलं तर १५,७५० डॉलरची सरसकट वजावट मिळते आणि केंद्राचा कर सुमारे ११,२५० डॉलर होतो. दोघांनी मिळून भरलं तर वजावट ३१,५०० डॉलर आणि कर सुमारे ६,५५० डॉलर. साडेचार हजार डॉलरहून जास्त फरक. नव्या संसारात ही रक्कम लहान नाही.

मात्र जोडीने भरण्याला एक अट चिकटलेली आहे आणि तिच्याबद्दल घरात फारसं कुणी बोलत नाही. गेल्या वर्षी साताऱ्याकडची एक मुलगी माझ्याकडे आली. पुण्यात ऑगस्टपर्यंत नोकरी करून ती सप्टेंबरात इथे आली होती. करासाठी रहिवासी धरायला साधारण १८३ दिवसांचा हिशोब लागतो. त्यात चालू वर्षाचे सगळे दिवस, आदल्या वर्षाचे एक तृतीयांश आणि त्याआधीच्या वर्षाचे एक षष्ठांश मोजतात. तिचे दिवस अर्थातच भरत नव्हते. तरीही नवरा रहिवासी असेल तर दोघांच्या सहीचं एक निवेदन जोडून तिला पूर्ण वर्षाची रहिवासी मानून घेता येतं आणि मग जोडीने रिटर्न भरता येतं. पण एकदा तसं मानलं की तिचं जगभरातलं उत्पन्न इथे दाखवावं लागतं. पुण्याचा आठ महिन्यांचा पगार, बँकेतल्या एफडीचं व्याज, सगळंच. नवऱ्याला हे पटेना. "तिकडच्या पगाराचा इकडे काय संबंध?" असं तो पुन्हा पुन्हा विचारत होता. पण संबंध आहे. भारतात भरलेल्या कराचं श्रेय इथे मागता येतं, त्यामुळे एकाच पगारावर दोनदा पूर्ण कर बसत नाही. उत्पन्न लपवलं तर मात्र पुढे दंडाची वेळ येते.

कागद जमवताना आणखी एक अडचण येते. तिकडचा फॉर्म १६ एप्रिल ते मार्च या वर्षाचा असतो, इथलं वर्ष जानेवारी ते डिसेंबर. तिच्या वडिलांनी साताऱ्याहून दोन वर्षांचे फॉर्म १६ आणि बँकेचे व्याजाचे दाखले पाठवले. पगाराच्या चिठ्ठ्या तिच्या स्वतःच्या ईमेलमध्ये सापडल्या. ते सगळं टेबलावर मांडून आम्ही महिन्यामहिन्याने हिशोब लावला. मुलीचं लग्न ठरलं की आईवडील दागिन्यांची यादी करतात. तेव्हाच हे कागद एका फाइलीत घालून द्यावेत, असं मी मनापासून सांगते. आणि भारतातल्या सगळ्या खात्यांमधली रक्कम मिळून वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली असेल, तर त्याची माहिती सरकारला वेगळ्या अर्जाने द्यावी लागते. तो अर्ज विसरू नका.

आता डब्ल्यू-७. अर्ज एकाच पानाचा आहे, पण आपले लोक अडखळतात ते नावापाशी. मुलीचा पासपोर्ट माहेरच्या नावाने असतो, 'गिव्हन नेम'मध्ये तिचं आणि वडिलांचं नाव एकत्र असतं, आणि नवरा रिटर्नवर उत्साहाने आपलं आडनाव लावून मोकळा होतो. तसं करू नका. पासपोर्टवर जे नाव आहे तेच अर्जावर आणि तेच रिटर्नवर. जन्मतारीखही इथे महिना आधी आणि दिवस नंतर अशी लिहितात. आपल्या सवयीने ०५/०८ लिहिलं तर ऑगस्टमधला जन्म मे महिन्यात जातो. भारतातल्या पत्त्याची ओळ आहे, पण कायमचं इथे राहायला आलात तर तिथे फक्त देशाचं नाव लिहायचं.

सगळ्यात मोठा घोर पासपोर्टचा. ओळख आणि नागरिकत्व दोन्हींसाठी एकट्याने पुरतो असा तेवढाच कागद आहे, आणि आयआरएसला मूळ पासपोर्ट लागतो किंवा तो देणाऱ्या खात्याने प्रमाणित केलेली प्रत. नोटरीचा शिक्का मारलेली झेरॉक्स चालत नाही. म्हणून लोक मूळ पासपोर्ट पाकिटात घालून पाठवून देतात. तो परत यायला दोन महिनेसुद्धा लागू शकतात. एका बाईंचे वडील नेमके त्याच काळात गेले आणि त्यांना मायदेशी जाता आलं नाही. तो फोन मी विसरू शकत नाही. आणि हे टाळता येतं. आयआरएसने मान्यता दिलेले प्रमाणन एजंट असतात. ते मूळ पासपोर्ट बघून, प्रमाणित करून, तिथल्या तिथे तुमच्या हातात परत देतात. त्यांची फी पडते, ती द्या. काही ठरावीक आयआरएस कार्यालयांतही आधी वेळ घेऊन हे काम होतं आणि तिथे फी नसते.

मग वाट पाहायची. आयआरएस सात आठवडे सांगतं, आणि जानेवारीच्या मध्यापासून एप्रिलअखेरच्या गर्दीत नऊ ते अकरा. नंबर मंजूर झाला की सीपी-५६५ क्रमांकाचं पत्र येतं. सीपी-५६६ आलं तर काहीतरी कमी आहे. घाबरू नका, मागितलेला कागद मुदतीत पाठवा. रिफंड त्यानंतरच. १५ एप्रिलपर्यंत कागद जमले नाहीत तर ऑक्टोबरपर्यंत मुदतवाढ मागता येते. ती फक्त रिटर्न भरण्याची असते. कर देणं निघत असेल तर तो एप्रिलमध्येच भरावा लागतो. आणि कुणी आधी वेगळं रिटर्न भरून बसलं असेल, तर तीन वर्षांच्या आत ते सुधारून जोडीचं करता येतं. डब्ल्यू-७ त्यालाही जोडता येतो.

रिटर्न पाठवण्याआधी मी एक गोष्ट नेहमी करते. नवऱ्याशी बोलणं झालं की बायकोला फोनवर बोलावते. जोडीच्या रिटर्नवर दोघांची सही लागते आणि सही केली की त्यातल्या कराची जबाबदारी दोघांवर पूर्णपणे येते, उत्पन्न कुणाचंही असो. पुढे घटस्फोट झाला तरी ती आपोआप सुटत नाही. साताऱ्याची ती मुलगी सगळं ओळ न् ओळ वाचून, दोन प्रश्न विचारून मगच सही करायला बसली. मला फार बरं वाटलं. डब्ल्यू-७ वरची सहीही तिचीच लागते, नवऱ्याची चालत नाही.

आणि ज्यांना नंबर मिळाला आहे त्यांच्यासाठी : सलग तीन वर्षं तो रिटर्नवर वापरला नाही तर त्याची मुदत संपते. पुढे कामाची परवानगी आणि सोशल सिक्युरिटी नंबर मिळाला, तर जुना आयटीआयएन वापरणं थांबवा आणि दोन्ही नंबर लिहून आयआरएसला पत्र पाठवा, म्हणजे तुमच्या नावावरची सगळी नोंद एका जागी येईल.