रुग्णाचा कैवारी

घरातील कोणी दवाखान्यात दाखल झाले, की आपले एक माणूस खाटेशी बसते. ते डबा आणते, औषधे आणते. पण त्याचे खरे काम निराळेच. ‘हे इंजेक्शन कशासाठी?’ असे डॉक्टरांना विचारणारे, ‘मागे या औषधाने यांना पुरळ उठले होते’ याची आठवण देणारे, संमतिपत्र सही करण्यापूर्वी वाचणारे तेच. मग ज्याला असे माणूसच नाही, त्याने काय करावे?

इंग्लंड व वेल्समध्ये या प्रश्नाचे उत्तर कायद्याने दिले आहे. तेथे २००५ साली मानसिक क्षमतेविषयीचा कायदा संमत होऊन २००७ मध्ये अमलात आला. स्मृतिभ्रंशामुळे किंवा मेंदूच्या इजेमुळे ज्याला स्वतःचा निर्णय घेता येत नाही, आणि ज्याच्याविषयी विचारावे असा आप्त वा स्नेही उरलेला नाही, अशा रुग्णावर गंभीर उपचार करावयाचे असतील तर त्याच्यासाठी स्वतंत्र कैवारी बोलावावाच लागतो. २८ दिवसांहून अधिक काळ रुग्णालयात किंवा ८ आठवड्यांहून अधिक काळ शुश्रूषागृहात ठेवावयाचे झाल्यासही तोच नियम. तातडीच्या प्रसंगी मात्र उपचार थांबवीत नाहीत, आणि ते योग्यच आहे.

समजा, एका एकाकी वृद्धेचा पाय कापावा, असे डॉक्टरांचे मत पडले. कैवारी तिला एकांतात भेटतो. तिचे संबंधित केसपेपर पाहण्याचा त्यास अधिकार असतो. तिची देखभाल करणाऱ्यांकडे तो चौकशी करतो : शुद्ध चांगली असताना ही बाई काय म्हणत असे? तिला कशाचे भय वाटे? पाय न कापता दुसरा काही उपाय आहे काय? हवे तर तो दुसऱ्या डॉक्टरांचे मत मागतो आणि आपला अहवाल लिहून देतो. निर्णय त्याचा नव्हे; परंतु निर्णय घेणाऱ्यास तो अहवाल विचारात घ्यावाच लागतो, आणि निर्णय अयोग्य वाटल्यास कैवारी त्यास हरकत घेऊ शकतो. हे बळ त्यास येते ते तो रुग्णालयाचा नोकर नसल्यामुळे. ज्याच्या हातून पगार घ्यावयाचा, त्यालाच अडचणीचा प्रश्न विचारणे भल्याभल्यांना जड जाते. रुग्णाकडूनही तो काही घेत नाही.

आपल्या देशात राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने तयार केलेली रुग्णहक्कांची सनद २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत केसपेपर मिळण्याचा, दुसरे मत घेण्याचा, समजून-उमजून संमती देण्याचा हक्क आहे. तथापि तापाने फणफणलेल्या माणसाने हे हक्क मागावे कसे? ते काम येथे अजून बहुधा नातलगांकडेच आहे. हैदराबादेस किंवा बेळगावास राहणाऱ्या मराठी आजीबाईंपाशी तर पुष्कळदा शाळकरी नातवंडच उभे असते, कारण डॉक्टरांची तेलुगू, कन्नड वा इंग्रजी त्यालाच कळते.

तुमच्यापैकी कोणावर अशी वेळ आली, तर एक वही जवळ ठेवा. चालू औषधांची नावे, न सोसणारी औषधे आणि आजीला विचारावयाचे प्रश्न तीत लिहा. डॉक्टर बोलतील ते तिला सांगताना, ती घाबरेल म्हणून अर्धे गाळण्याचा मोह होतो. ते गाळू नका. सांगणे फारच अवघड वाटले, तर डॉक्टरांना थांबवून घरातील मोठ्या माणसास बोलावून घ्या.