बाळाला जमीन द्या

परवा एक आई बाळाला घेऊन आली. बाळ नऊ महिन्यांचं, हसरं, आधाराशिवाय छान बसणारं. आई मात्र रडवेली. "शेजारचं सातव्या महिन्यातच रांगलं, आमचं नुसतं मागे मागे जातंय!"

अहो, मागे जाणं हीसुद्धा सुरुवातच आहे. हातांत जोर आधी येतो, गुडघ्यांनी पुढे रेटणं नंतर जमतं. म्हणून बाळ निघतं खेळण्याकडे आणि पोचतं पलंगाखाली!

जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली पाच देशांतल्या निरोगी मुलांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. त्यात आपली दिल्लीही होती. हात-गुडघ्यांवर रांगणं साधारण सव्वापाच ते साडेतेरा महिन्यांच्या दरम्यान कधीही सुरू झालं. शंभरातली चारेक मुलं तर तशी रांगलीच नाहीत. कुणी पोटावर सरपटतं, कुणी बसल्या बसल्या सरकतं.

मग आपण करायचं काय? जमीन द्यायची. मऊ गादीत हात-पाय रुततात. त्यापेक्षा जमिनीवर सतरंजी बरी. बाळ जागं असताना त्याला पालथं ठेवा, थोडं थोडं करून दिवसभरात निदान अर्धा तास, आणि तुम्ही समोर बसा. झोपवताना मात्र उताणंच. मोजे काढा, गुडघे उघडे ठेवा, म्हणजे पाय घसरत नाहीत. खेळणं हाताच्या जरासं पुढे ठेवा. तळपायांना आपला तळहात टेकवा, बाळ त्याला रेटा देईल. हात धरून ओढू नका.

चाकांचा वॉकर नको. त्याने चालणं लवकर येत नाही. उलट बाळ क्षणात जिन्यापाशी, शेगडीपाशी पोचतं. कॅनडाने २००४ साली त्यावर बंदीच घातली.

आणि एकदा स्वतः रांगत घरभर फिरा. समई, चहाचा कप, पाण्याची बादली, खाली पडलेलं बटण, सगळं बाळाच्या नजरेतून दिसेल.

डॉक्टरांकडे कधी जायचं? बाळ एकच बाजू वापरत असेल, अंग फार ताठ किंवा लुळं वाटत असेल, नऊ महिने होऊनही आधाराशिवाय बसत नसेल, किंवा येत असलेलं बंद झालं असेल, तर थांबू नका. बाळ दिवसांआधी जन्मलेलं असेल तर वय मूळ तारखेपासून मोजा.

यातलं काहीच नसेल, तर शेजारच्या बाळाकडे बघू नका. आपल्या बाळाशेजारी जमिनीवर बसा.