बाटलीची ओळख

आमच्या कळंबला सोड्याची काचेची बाटली घरी न्यायची, तर अनामत ठेवावी लागे. दुकानदार गिऱ्हाइकाला ओळखत असे, म्हणून खुणेची गरज नव्हती. पण बाटली कळंबला घेतली आणि इंदापूरला परत केली, तर? तिथे ओळख बाटलीचीच पटायला हवी.

जर्मनीत २००६ पासून एकदाच वापरायच्या अनामतीच्या बाटलीवर खास शाईचे चिन्ह असते. यंत्र ती शाई तपासते. केदारनाथला २०२२ मध्ये बाटल्यांवर क्यूआर कोड लावले. प्रत्येक कोड वेगळा, म्हणजे एकाच बाटलीचे १० रुपये दोनदा मागता येत नाहीत.

महाराष्ट्रात २०१८ च्या प्लास्टिकबंदीने बाटलीवर परताव्याची किंमत छापायला सांगितले. मला वाटते, नुसती किंमत पुरेशी नाही. खोट्या बाटलीचे पैसे शेवटी खऱ्यांच्या अनामतीतूनच जातात.