वाफसा आणि वेळेचा हिशेब

पैशाचा हिशेब ठेवणारे शेतकरी आता पुष्कळ आहेत. वेळेचा हिशेब ठेवणारे मात्र विरळा. वस्तुतः जिरायत शेतीत पैशाची तूट कर्ज काढून भरता येते, पण हुकलेला वाफसा कोणत्याही सावकाराकडून उसना मिळत नाही.

करकंब व पंढरपूर तालुक्यातील इतर गावांचेच उदाहरण घ्या. उजनीच्या कालव्याखालील व विहीरबागायतीचे रान सोडले, तर उरलेल्या काळ्या जमिनीची भिस्त उत्तरा व हस्ताच्या पावसावर. रब्बी ज्वारीच्या पेरणीस १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर हा काळ योग्य ठरला आहे. महिना म्हटला की वेळ पुष्कळ वाटतो; परंतु पावसाचे व चिखलाचे दिवस वजा करता पाभर चालण्याजोगे दिवस थोडेच उरतात. समजा, असे ६ दिवस मिळाले व बैलजोडीने रोज ३ एकर पेरणी झाली, तर १८ एकर उरकतात. त्यांतील २ दिवस मोडके अवजार सांधण्यात व बियाणे शोधण्यात गेले, तर ६ एकर मागे पडतात. मागास पेरलेल्या त्या पिकाची ओल ऐन दाणे भरण्याच्या वेळी सरते आणि धान्य व कडबा दोहोंत घट येते.

यास्तव कामांचे दोन भाग करावेत: थांबणारी व न थांबणारी. पाभरीचे फण व चाडे नीट करणे, मालदांडीसारख्या वाणाचे बी निवडणे, १०० दाणे ओल्या गोणपाटात ठेवून उगवण पाहणे आणि काणी रोगाच्या बंदोबस्तासाठी किलोमागे ४ ग्रॅम गंधकाची सोय करणे, ही कामे भाद्रपदापूर्वीच उरकता येतात. करकंबच्या बाजारास आमटीसाठी अवश्य जावे. परंतु फण सांधण्यासाठी वाफशाच्या दिवशी जाण्याची पाळी येऊ नये.

पेरणीनंतरही घड्याळ थांबत नाही. पहिली कोळपणी तिसऱ्या आठवड्यात फटीच्या कोळप्याने, दुसरी पाचव्यात पासेच्या व तिसरी आठव्यात दातेरी कोळप्याने करावी. तणाचा नाश होतो, भेगा बुजतात व ओल टिकते. सोलापुरास १९३३ साली कोरडवाहू शेतीच्या संशोधनास आरंभ झाला. ओल राखण्याचे महत्त्व तेव्हापासून सांगितले जात आहे. पण भेगा रुंदावल्यावर केलेली कोळपणी ही तहान लागल्यावर खणलेली विहीर होय.

राहिला प्रश्न मनुष्यबळाचा. पूर्वी इर्जिक घालून एकमेकांचे रान उरकीत. आज ट्रॅक्टर आले. तरी एकाच दिवशी सर्वांस तो हवा असतो, आणि मग मोठ्या खातेदाराचा क्रम आधी लागतो. त्यापेक्षा शेजाऱ्यांनी आधीच बसून जमिनीच्या मगदुरावरून क्रम ठरवावा. उथळ जमिनीचा वाफसा आधी येतो व आधीच सरतो. तिला पहिला मान द्यावा. खोल काळी जमीन चार दिवस वाट पाहते.

शेवटी एक सूचना. एक साधी वही करावी. पाऊस केव्हा पडला, वाफसा केव्हा आला, पेरणी केव्हा झाली, आणि कोणता दिवस कशापायी फुकट गेला, एवढेच तीत लिहावे. सुगीनंतर ती वही उघडून पाहणाऱ्यास आपले पीक पावसाने किती नेले व आळसाने किती, हे दुसऱ्या कोणी सांगण्याची गरज उरणार नाही.