सात पावसाळे थांबणारी कारवी

सह्याद्रीच्या उभ्या चढणीवर पाय घसरला की हात आपसूक ज्या झुडपाकडे जातो, ती कारवी. गाठीगाठींच्या सरळ काठ्या, खरबरीत रुंद पानं आणि माणूस सहज हरवेल इतकं दाट रान. उन्हाळ्यात पानं झडतात, पावसाळ्यात पुन्हा फुटतात. अशी सात वर्षं जातात आणि एक फूल दिसत नाही. मग ऑगस्ट-सप्टेंबरात कधीतरी अख्खा उतार जांभळ्या-निळ्या रंगाने भरून जातो. त्या एका बहरानंतर ते सगळं रान एकदमच मरतं.

स्ट्रोबिलँथस कॅलोसा हे तिचं शास्त्रीय नाव, आणि कूळ अडुळशाचं. फुलोरा जवळ जाऊन पाहावा. दाटीवाटीची लवदार कणसं, हात लावला तर बोटं चिकट होतात आणि उग्र वास बराच वेळ जात नाही. सातेरी आणि आग्या माश्यांची मात्र त्यावर झुंबड असते. महाबळेश्वरच्या डोंगरात मधपेट्या ठेवणारे कारवी फुलण्याच्या वर्षाची वाट पाहतात. तिचा मध दाट आणि गडद रंगाचा.

सगळ्यांनी एकाच वर्षी फुलायचं कशासाठी? डॅनियल जॅन्झन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९७६ मध्ये बांबूच्या संदर्भात एक उत्तर मांडलं. दरवर्षी थोडं थोडं बी धरलं तर उंदीर, पाखरं आणि किडे ते फस्त करतात. वर्षानुवर्षं काहीच न देता एकदम भरमसाट बी टाकलं, तर खाणाऱ्यांची पोटं भरूनही पुष्कळ उरतं. मिझोरममध्ये सुमारे ४८ वर्षांनी फुलणाऱ्या बांबूने या हिशेबाची दुसरी बाजूही दाखवली. बियांवर उंदीर माजले, बी संपल्यावर शेतात घुसले आणि १९५९ मध्ये दुष्काळ पडला. मुन्नारची नीलकुरिंजी कारवीचीच बहीण. तिचा फेरा १२ वर्षांचा, शेवटचे दोन मोठे बहर २००६ आणि २०१८ चे.

कारवीचं घड्याळ सगळीकडे एका वेळेला लावलेलं नाही. एका डोंगरावरची फुलते तेव्हा पलीकडच्या खोऱ्यातली नुसती हिरवी असते. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात ती २००८, २०१६ आणि २०२४ मध्ये बहरली. कासच्या पठारावर दिसते ती बहुधा टोपली कारवी. तिची जात वेगळी, बुटकी आणि पालथ्या टोपलीसारखी गोल. तीही वर्षानुवर्षं थांबूनच फुलते.

मला सगळ्यात नवल वाटतं ते बहर ओसरल्यानंतरचं. फळं धरतात, वाळतात, पण लगेच फुटत नाहीत. सगळा हिवाळा आणि उन्हाळा ती मेलेल्या काठ्यांवर तशीच बसून राहतात. पहिला पाऊस पडून ओल लागली की टरफल तडकतं, आतल्या ताठ आकड्यांवर टेकलेल्या बिया दूर उडतात आणि रानात तडतड ऐकू येते. बी ओल्या मातीतच पडावं, अशी ही व्यवस्था. थोड्याच दिवसांत जुन्या काठ्यांच्या बुंध्याशी कोवळ्या रोपांची दाटी होते.

म्हणून कारवीचा खरा कसोटीचा काळ फुलांचा नाही, त्यानंतरच्या उन्हाळ्याचा आहे. फुलं पाहायला गर्दी होते, वाटेवरची झुडपं तुडवली जातात, ते वाईटच. पण मार्च ते मे या महिन्यांत त्या वाळलेल्या उतारावर वणवा लागला, तर त्या रानाचं सात-आठ वर्षांचं सगळं बी एका दुपारीत जळतं. ते बी पुन्हा धरायला झाडच जिवंत नसतं. मग जोरदार पावसात उघड्या उतारावरची माती धरून ठेवायलाही कोणी नाही. वणव्याविरुद्ध जाळपट्टे काढणारी गावं आणि वनरक्षक बहराच्या पुढच्या वर्षी त्या उतारांना आधी हात घालतील, तर मोठं काम होईल.

ठाकर, वारली, महादेव कोळी यांच्या घरांचे कूड पिढ्यान्‌पिढ्या याच काठ्यांचे. वरून शेणमातीचा गिलावा, आणि वारल्यांची पांढरी चित्रं त्याच भिंतींवर. त्यासाठी काठी तोडायचीच, तर बी उडून गेल्यावर उरलेल्या मेल्या रानातली तोडावी. तिच्या जाण्याने उताराचं काही बिघडत नाही.