काजळीचा दोष काचेला नको

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

जुनी डिझेल गाडी घेताना आपल्याकडे एक ठरलेली परीक्षा असते. गाडी चालू करायची, ॲक्सिलरेटर एकदा जोरात दाबायचा आणि मागे उभ्या असलेल्यानं धूर बघायचा. काळा धूर म्हणजे डिझेल नीट जळत नाही. निळा म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. पांढरा धूर थांबतच नसेल तर डिझेल न जळता बाहेर पडतंय किंवा कूलंट आत शिरतंय. गॅरेजमध्ये कितीतरी गाड्यांचं पहिलं निदान मी असंच केलं आहे.

परंतु १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज सहाचे नियम लागू झाले आणि त्यानंतरच्या डिझेल मोटारींपुढे ही परीक्षा अपुरी पडू लागली. या गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेवर धुराची गाळणी असते. तिला डीपीएफ म्हणतात. इंजिन आत कितीही काजळी करो, ती बाहेर दिसत नाही. या गाड्या आता जुन्या बाजारात येत आहेत, म्हणून ही गाळणी समजून घेणं गरजेचं झालं आहे.

पत्र्याच्या डब्यात सिरॅमिकचं मधमाश्यांच्या पोळ्यासारखं जाळं, अशी तिची रचना असते. एक नळी पुढून बंद, तर शेजारची मागून बंद. त्यामुळे धुराला नळ्यांच्या सच्छिद्र भिंतींतूनच जावं लागतं आणि काजळी भिंतीवर अडकते. ती साठली की जाळावी लागते. महामार्गावर गाडी एका लयीत चालली तर धुराच्या उष्णतेनं ती बरीचशी आपोआप जळते. नाहीतर इंजिनाचा संगणक थोडं जादा डिझेल सोडून गाळणीचं तापमान ६०० अंश सेल्सिअसच्या आसपास नेतो आणि दहा-वीस मिनिटांत सफाई उरकतो. गाळणी किती भरली, हे तिच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या दाबातल्या फरकावरून सेन्सर सांगतो.

आता मुद्द्याचं सांगतो. कंदिलाची काच काळी पडली तर आपण काच पुसतो, पण वातही बघतो. वात वाकडी असेल तर नवी काचही तासाभरात काळी होणार. गाळणीचं अगदी तसंच आहे. ती तुंबते तेव्हा बहुतेक वेळा दोष दुसरीकडे असतो.

सांगलीकडचे एक शिक्षक चार वर्षं वापरलेली डिझेल गाडी घेऊन माझ्याकडे आले. भविष्यनिर्वाह निधीतून पैसे काढून त्यांनी ती घेतली होती. महिन्याभरात डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. एका ठिकाणी नव्या गाळणीचा खर्च लाखाच्या घरात सांगितला. दुसऱ्या ठिकाणी सल्ला मिळाला, ‘आतलं जाळं काढून टाका, कटकट मिटेल.’ स्कॅनर लावून दोनदा काजळी जाळून झाली होती, तरी दिवा पुन्हा लागत होता.

मी स्कॅनर लावला, तर दोन नोंदी होत्या. पी २४६३ म्हणजे काजळी जास्त साठली आहे. सगळ्यांनी एवढीच वाचली होती. दुसरी नोंद होती पी ०१२८, म्हणजे इंजिन हवं तेवढं तापत नाही. रस्त्यावर अर्धा तास फिरून पाहिलं, तर जे तापमान ९० अंशांच्या आसपास स्थिरावायला हवं ते ७० च्या पुढे सरकेना. थर्मोस्टॅट उघडा अडकला होता. इंजिन तापल्याशिवाय संगणक सफाई सुरूच करत नाही, त्यात शाळा चार किलोमीटरवर. थर्मोस्टॅट बदलला, काजळी जाळली, ऑइल बदललं. गाळणी तीच राहिली आणि दिवा पुन्हा लागला नाही.

असे गुन्हेगार आणखीही असतात. टर्बोकडून येणारा हवेचा पाइप फाटला की हवा कमी पडते आणि काजळी वाढते. इंजेक्टर ठिबकत असेल किंवा ईजीआर व्हॉल्व्ह उघडा अडकला असेल, तरी तेच. कधी गाळणी चांगली असते आणि सेन्सरच खोटं बोलतो. त्याची खूण सोपी आहे. इंजिन बंद ठेवून नुसती चावी फिरवा. दाबातला फरक जवळजवळ शून्य दिसला पाहिजे. नसेल तर आधी सेन्सर आणि त्याच्या दोन नळ्या तपासा.

गाडी बघायला जाल तेव्हा इंजिन थंड असलं पाहिजे. बॉनेट गरम लागलं तर दुसऱ्या दिवशी या. डिपस्टिक काढा. ऑइल कमी असणं वाईट, हे आपल्याला ठाऊक असतं. इथं ते वरच्या खुणेच्याही वर असेल आणि डिझेलचा वास येत असेल, तर सफाई वारंवार अर्धवट राहून जादा डिझेल ऑइलमध्ये उतरलं आहे, असं समजा. इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण उघडा. आतून धुराचे जोरदार झोत आले तर रिंगा झिजल्याची शंका घ्या. सायलेन्सरच्या तोंडाशी, तो थंड असताना, बोट फिरवा. धड गाळणीमागे काजळी जवळजवळ नसते. बोट काळंकुट्ट झालं तर गाळणी फुटली आहे किंवा कोणीतरी पोकळ केली आहे.

स्कॅनरवर नोंदी नाहीत, म्हणून निर्धास्त होऊ नका. त्या पुसता येतात. पण पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली, हेही संगणक सांगतो. तो आकडा आठ-दहा किलोमीटर असेल, तर विक्रेत्याला कारण विचारा.

काजळी जळते, राख मात्र जळत नाही, हेही लक्षात ठेवा. इंजिन ऑइलमधल्या रसायनांची राख वर्षानुवर्षं साचते आणि मग गाळणी उतरवून धुवावी लागते. म्हणून कंपनीनं सांगितलेलं कमी राखेचं ऑइलच घाला. त्यात काटकसर करून वाचलेले शेकडे पुढे हजारांनी भरावे लागतात.

राहता राहिला जाळं काढून टाकण्याचा सल्ला. मोटार वाहन कायद्याचं ५२वं कलम गाडीच्या मूळ रचनेत असा बदल करू देत नाही. पण त्याहून मोठी गोष्ट अशी, की जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१२ मध्ये डिझेलचा धूर माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या यादीत घातला. गाळणी काढली की ती काजळी मागून येणाऱ्या स्कूटरवाल्याच्या छातीत जाते, आणि आपल्या इंजिनाचा मूळ आजार तसाच राहतो.

तेव्हा दिवा लागला की गाळणीचा भाव विचारण्याआधी मेकॅनिकला एवढंच विचारा, ‘काजळी येते कुठून?’ आणि रोजची धाव चार-पाच किलोमीटरचीच असेल, तर जुनी डिझेल गाडी कितीही स्वस्त मिळो, ती दुसऱ्या कोणासाठी सोडून द्या.